ताश-बुलुनचा आंधळा कॉम्प्युटर

१. सोमवार

सोमवारी सकाळी मी वाचनालयाचं दार उघडलं, कॉम्प्युटर लावला, चहाचं आधण ठेवलं आणि परत येऊन बघते तर पडद्यावर पांढरं पान. त्यावर एकच ओळ: पान उघडता येत नाही. दुसरं पान उघडून पाहिलं. तेच. तिसरं. तेच. मेल्याला शुक्रवारपासून रोग लागला होता, शनिवारी संध्याकाळी जिल्ह्याच्या गावाहून दुरुस्तीवाला येऊन व्हायरस मारून गेला होता, "आता आरशासारखा स्वच्छ आहे, एजे" असं म्हणून माझे तळलेले बोर्सोक खाऊन गेला होता. मधे रविवारची सुट्टी गेली. डोंबलाचा स्वच्छ! पेशंट वाचला आणि डोळे गेले, त्यातली गत.

मी बुरुल. ताश-बुलुनच्या वाचनालयाची बाई, सगळ्या गावाची एजे, म्हणजे ताई. आख्ख्या गावात इंटरनेटला जोडलेला कॉम्प्युटर एकच, आणि तो माझ्या टेबलावर. फोन सगळ्यांकडे आहेत, पण आमच्या डोंगरात ते नुसते बोलायच्या कामाचे, तेही बहुतेक टेकडीवर चढलं तरच.

तेवढ्यात मेरिम आली. केस ओले, वेणीसुद्धा धड घातलेली नाही.

"एजे, ईमेल उघडायचीये. आजच."

"उघडत नाही गं काही."

पोरगी उभ्या जागी पांढरी पडली. तिला राजधानीतल्या वैद्यकीय कॉलेजात शिष्यवृत्तीची जागा मिळाली होती. आमच्या गावातून आजवर कुणाला मिळाली नव्हती. पण ईमेलमध्ये आलेल्या पत्रातलं बटण दाबून 'मी येते' असं आज संध्याकाळी पाचच्या आत कळवायचं होतं. नाही कळवलं तर जागा पुढच्या नावाला.

मी टेकडीवर जाऊन शिष्यवृत्तीच्या कचेरीत फोन केला. पलीकडची बाई म्हणाली, "फोनवर होत नाही. पत्रातूनच कळवा." मी म्हटलं, "अगं बाई, पत्रच उघडत नाहीये." ती म्हणाली, "मग ते उघडा." अशा बायकांना पगार कोण देतं देव जाणे.

जिल्ह्याच्या गावाची बस पहाटेच गेलेली. जुलै महिना, गाड्या असलेली सगळी घरं वर जायलोवर, उन्हाळी कुरणात, घोड्यांच्या मागे. दुरुस्तीवाल्याचा फोन बंद, तोही कुठल्यातरी जायलोवर घोडीच्या दुधाचं कुमिस पीत पडला असणार.

आणि पुढचं नाव कुणाचं होतं? तोतुगुलच्या मुलीचं. तोतुगुल म्हणजे आमच्या शाळेची उपमुख्याध्यापिका. नाक वर करून चालते, आणि मागच्या वर्षी नेलेली पुस्तकं अजून परत केलेली नाहीत. माझ्या डोक्यात लगेच दिवा पेटला.

बाहेर बाकावर ओस्मोन-अता बसले होते. आमचे जुने पोस्टमन; वयामुळे सगळे अता, म्हणजे आजोबा म्हणतात. पोस्ट बंद झालं तरी रोज इथं येऊन बसतात. डोक्यावर कोरी करकरीत पांढरी कल्पाक टोपी.

"अता, टोपी नवी? कुणाला गटवलंत?"

एरवी म्हाताऱ्यानं मला चार टोमणे परत दिले असते. आज नुसते म्हणाले, "मिळाली," आणि मान फिरवली. मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही. मी तर तोतुगुलच्या घराकडे डोळे लावून बसले होते.

२. तार जिवंत आहे

गावानं मात्र आपला चोर आधीच धरला होता: झमीर, ट्रॅक्टरवाला. आदल्या आठवड्यात त्यानं खांबाजवळ पाटाचा चर खणला होता. "इंटरनेटची तार तोडली असणार यानंच," असं दुकानापाशी ठरलं, आणि सगळे त्याच्याकडे असे बघायला लागले की बिचाऱ्याची पाचावर धारण बसली.

"एजे, शपथेवर सांगतो, माझा फाळ तारेला लागला नाही!"

"मग सिद्ध कर," मी म्हटलं. "घोडा काढ आणि वर जाऊन सोनुनला घेऊन ये."

सोनुन शाळेत कॉम्प्युटर शिकवते. उन्हाळ्यात मात्र नवऱ्याबरोबर वर असते आणि घोड्या पिळते. संशयितालाच तपासनीस आणायला पाठवला म्हणून गावकरी हसले. हसोत. पोरगा घोडा फेकत गेला.

सोनुन दुपारी आली. अंगाला कुमिसचा वास, बुटांना शेण. मेरिमची आई तोवर येऊन कोपऱ्यात बसली होती, हातात रुमाल पिळत. सोनुननं कुणाला काही विचारलं नाही. खुर्चीत बसली, पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातल्या एका बारक्या चित्रावर माउस नेला आणि म्हणाली, "बघू या घोडं कुठं पेंड खातंय."

"तार तुटलीये," दारातून कुणीतरी म्हणालं.

"तार जिवंत आहे," सोनुन म्हणाली. "हा अँटिव्हायरस बघा. यानं आज सकाळी बाहेरून स्वतःची नवी माहिती उतरवून घेतलीये. तार तुटली असती तर कुठून आणली असती? झमीर, सुटलास."

झमीरनं तिथंच बाकड्यावर बसकण मारली.

"म्हणजे रस्ता उघडा आहे. फक्त ब्राउझरला, म्हणजे ही पानं उघडतो त्यालाच जाता येत नाही. का?" तिनं ब्राउझरच्या आतली एक खिडकी उघडली. तिथं एका चौकटीत बरोबरची खूण होती. "हं. हे बघा. याला कुणीतरी शिकवून ठेवलंय, थेट बाहेर जायचं नाही, जे पाहिजे ते मधल्या दलालाकडून मागायचं. दलाल म्हणजे व्हायरस. शनिवारी त्या माणसानं दलाल मारला, पण ब्राउझरला सांगायचं राहिलं. हा खुळा अजून त्या मेलेल्याच्याच दारात उभा आहे."

तिनं खूण काढली. पान उघडलं! हवामान, बातम्या, सगळं. मेरिमच्या आईनं रुमालात तोंड लपवलं. मी आनंदानं झमीरच्या पाठीत धपाटा घातला.

"ईमेल," मेरिम म्हणाली.

ईमेलचं पान आलं. तेच रंग, तेच चित्र. पण मधोमध एक चौकट: तुम्ही खरेच माणूस आहात हे सिद्ध करण्यासाठी खालील क्रमांकावर संदेश पाठवा.

"पाठवते," म्हणत मेरिमनं फोन काढलासुद्धा. सोनुननं झडप घालून तो हिसकावला.

"खबरदार! हे तुझं ईमेल नाही."

३. आत कोणीतरी आहे

"तेच तर पान आहे," मी म्हटलं.

"मुखवटा आहे, एजे. कॉम्प्युटरच्या पोटात पत्त्यांची एक छोटी फाइल असते. कुठं जायचं हे जगाला विचारण्याआधी तो त्या फाइलीत बघतो. कुणीतरी तिथं ईमेलच्या नावासमोर चोराच्या घराचा पत्ता घातलाय. मेरिमनं इथं संदेश पाठवला असता, परवलीचा शब्द घातला असता, की संपलं."

तिनं ती फाइल शोधून काढली. लपवलेली होती. आत खरंच चार-पाच ओळी जास्तीच्या होत्या. सोनुननं त्या पुसल्या, फाइल जपून ठेवली, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला.

पुन्हा तीच चौकट. संदेश पाठवा.

सोनुननं फाइल परत उघडली. पुसलेल्या ओळी जागच्या जागी!

मी तर घाबरलेच. भुताटकीची मला सवय नाही.

"आत कोणीतरी जिवंत आहे," सोनुन हळू म्हणाली. "मी पुसते, तो लिहितो."

"पण अँटिव्हायरस म्हणतो सगळं स्वच्छ!"

"तो चोर पकडतो, एजे. याला चोरासारखा घेतलेला नाही. पाहुण्यासारखा घेतलाय. कुणीतरी दार उघडून, या बसा म्हणून."

तिनं कॉम्प्युटरमधल्या सगळ्या प्रोग्रामांची नावं काढली. अरे बापरे! गाणी वाजवणारे, खेळ, छपाईचे, कसले कसले. वर्षानुवर्षं ज्यानं त्यानं येऊन भरलेला माल.

"शेवटी आलेला कोण ते तारखेवरून कळणार नाही?" झमीरनं विचारलं. पोरगा दिसतो तेवढा ठोंब्या नाही.

"निम्म्यांना तारीखच नाही. आणि भलता काढला तर इंटरनेटच बंद पडायचं. एकेक काढायला हा म्हातारा खोका किती वेळ घेतो ते माहीत आहे ना तुम्हाला?" तिनं घड्याळाकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. "मला माणूस हवाय. ज्यानं त्याला आत घेतलं, त्यानं त्याचं तोंड पाहिलंय. तोच सांगेल."

"मी सांगते कोण ते," मी म्हटलं. मला राहवेना. "ती बघ, येतेच आहे."

तोतुगुल अंगणातून आत येत होती. मागे तिची मुलगी आयकानिश, मान खाली घालून.

४. तोतुगुल

"झालं का?" तोतुगुलनं विचारलं.

"तुला काय घाई?" मी म्हटलं. "पाच वाजायची वाट बघतेयस? जा घरी, ताटं वाजव, आम्ही ऐकू."

"बुरुल-एजे!" सोनुन मला दटावून म्हणाली आणि तोतुगुलकडे वळली. "एजे, शिष्यवृत्तीचं तुम्हाला कधी कळलं?"

"शुक्रवारी सकाळी. जिल्ह्याहून शाळेत फोन आला, निकाल आदल्या दुपारी इंटरनेटवर लागला म्हणून. मेरिमची निवड, आयकानिश पुढच्या नंबरावर, आणि सोमवारी पाचची मुदत. फोन ठेवला तशी मी मेरिमच्या घरी गेले सांगायला." ती जरा थांबली. "तर तिथं आधीच सगळं साजरं झालेलं. यांचं रडून हसून झालं होतं. मुदतीचं तेवढं ठाऊक नव्हतं."

"सांगायला गेली म्हणे!" मी पुटपुटले.

"गेल्या होत्या," कोपऱ्यातून मेरिमची आई म्हणाली. "मुदत मला यांच्याकडूनच कळली."

सोनुननं माझ्याकडे रोखून पाहिलं. "एजे, जागा हिरावून घ्यायची असेल तर माणूस घरी जाऊन मुदत सांगेल का? गप्प बसल्या असत्या तरी जागा आपसूक यांच्या मुलीच्या पदरात पडत होती."

तोतुगुल मुलीला घेऊन बाहेर गेली, अंगणात उभी राहिली.

"झमीर, तू?" सोनुननं विचारलं.

"मी बुधवारी गाणी घेतली. घेतली, लपवत नाही. पण बुधवारी संध्याकाळी कॉम्प्युटर ठणठणीत होता. गुरुवारी मी गवत कापायला होतो, सगळं वरचं शेत साक्षीला आहे."

"म्हणजे गुरुवार. एजे, गुरुवारी इथं कोण होतं?"

"कुणी नाही. दुपारी मी बहिणीकडे नातवाच्या पाळण्याच्या जेवणाला गेले होते."

"कुलूप?"

"दिवसाढवळ्या वाचनालयाला कुलूप कोण लावतं?" मला रागच आला. "पुस्तकं चोरायला इथं कोण एवढं शिकलंय?"

सोनुन हसली नाही. ती मेरिमच्या आईसमोर उकिडवी बसली. "काकू, तोतुगुल-एजे शुक्रवारी आल्या तेव्हा तुम्हाला आधीच ठाऊक होतं. कुणी सांगितलं?"

"ओस्मोन-अतांनी. गुरुवारी संध्याकाळीच. दारातून ओरडत आले, 'सुयुंचू! सुयुंचू!' मी मोठ्या मुलासाठी शिवलेली कल्पाक खुंटीवर होती, तीच घातली त्यांच्या डोक्यावर."

आमच्यात आनंदाची बातमी आणणारा दारातून असंच ओरडतो. आधी त्याच्या हातावर काहीतरी ठेवायचं, मग बातमी ऐकायची. हीच रीत.

"आणि त्यांना कसं कळलं, हे विचारलंत?"

मेरिमची आई गोंधळली. "सुयुंचू घेऊन आलेल्या माणसाला असं कुणी विचारतं का गं?"

"नाही विचारत," सोनुन उठली. "मीही विचारलं नसतं. कुणीच विचारलं नाही. निकाल लागला गुरुवारी दुपारी, इंटरनेटवर. शाळेला कळलं शुक्रवारी. मधे गुरुवार संध्याकाळ. त्या वेळी ज्याला बातमी ठाऊक होती, त्यानं ती पाहिली कुठं? गावात कॉम्प्युटर एकच."

आम्ही सगळ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाक रिकामा होता.

५. ओस्मोन-अता

म्हातारा फाटकाशी गाठला, झमीरनं. हाताला धरून आणायला लागला तर मी ओरडले, "अरे, गुन्हेगार आहेत का ते! सोड!" आत आल्यावर अतांनी कल्पाक काढली आणि मेरिमच्या आईच्या मांडीवर ठेवली.

"घे बाई. माझ्या डोक्याला शोभत नाही ती."

"अता," सोनुन त्यांच्या शेजारी बसली, "तुमच्यावर कुणाचा राग नाही. मला फक्त सांगा, गुरुवारी काय झालं."

"मला वाटलं, बरा झाला असेल," अता म्हणाले. "शनिवारी तो माणूस म्हणाला ना, स्वच्छ झाला म्हणून. मी तेव्हाच बोलणार होतो, मग म्हटलं, कशाला आता. आज सकाळी ही पोर रडताना पाहिली आणि जीभच उचलेना." त्यांनी डोळे पुसले. "मेरिमनंच मला शिकवलंय, नाव टाकायचं, हवामान बघायचं. गुरुवारी इथं कुणी नव्हतं. मी शिष्यवृत्तीचं नाव टाकलं. तर एक पान म्हणालं, सगळ्यांच्या आधी निकाल बघायचाय का? मी म्हटलं हो."

"मग?"

"मग ते विचारत गेलं, मी हो म्हणत गेलो. दारात येऊन कुणी काही मागितलं तर आपल्यात नाही म्हणतात का?" आवाज चढला आणि लगेच खाली आला. "बराच वेळ काहीबाही नाचलं पडद्यावर. मग मी मागे गेलो, तेव्हा खरी यादी सापडली. मेरिमचं नाव होतं त्यात! मी धावत सुटलो. सोनुन, पोस्ट बंद झाल्यापासून मी लोकांच्या दारात नुसता चहाला जातो गं. या पायांनी या गावाची सगळी लग्नं, सगळी बाळं घरोघरी पोचवलीत. एकदा, फक्त एकदा मला पुन्हा..."

मी चहा ओतायला गेले, कारण माझेही डोळे भरले होते आणि ते मला कुणाला दाखवायचे नव्हते.

"आत घेतलेला तो पाहुणा," सोनुननं विचारलं, "दिसायला कसा होता? काही चित्र होतं?"

अतांनी लगेच मान वर केली. "कबूतर. निळं. चोचीत पाकीट. म्हटलं, टपालाचं दिसतंय, म्हणजे भल्या घरचं असणार!"

सोनुन खुर्चीत जाऊन बसली. नावांची रांग खाली सरकायला लागली. आम्ही सगळे तिच्या खांद्यावरून वाकलो. नाव भलतंच होतं, 'छपाई साहाय्यक' की काय, कुणाला संशय येऊ नये असं. पण डाव्या बाजूला नखाएवढं निळं कबूतर, चोचीत पाकीट.

"सापडलास," सोनुन म्हणाली.

तिनं ते काढायला लावलं. खोका कण्हत राहिला. एक चौकट आली: खरंच काढायचं का? तिनं हो म्हटलं. दुसरी आली: पश्चात्ताप तर होणार नाही ना? "नाही रे बाबा," मी ओरडले. मग तिनं पत्त्यांची फाइल उघडली, ओळी पुसल्या, फाइल बंद केली, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला. फाइल पुन्हा उघडली.

स्वच्छ. ओळी परत आल्या नव्हत्या.

"ये," ती मेरिमला म्हणाली. "आता हे तुझं घर."

ईमेलचं पान आलं. चौकट नाही, संदेश नाही. मेरिमनं परवलीचा शब्द घातला, एकदा चुकला, पुन्हा घातला. पत्र उघडलं. पाचला थोडा वेळ होता अजून. तिनं बटण दाबलं आणि हात मांडीवर ठेवून बसली. पडद्यावर आलं: तुमची जागा निश्चित झाली आहे.

मेरिम ओरडली नाही. आईकडे वळली आणि म्हणाली, "आई, मी जाणार." आणि मग दोघी रडल्या, झमीर रडला, मीही. सोनुन तेवढी नाक पुसत म्हणाली की तिच्या घोड्या पिळायच्या राहिल्यात.

६. अंगणात

तोतुगुल अजून अंगणातच होती. मी बाहेर गेले. म्हटलं, "झालं."

"झालं?" तिनं डोळे मिटले. "बरं झालं. बुरुल, तू मला काहीबाही बोललीस, ते अगदीच खोटं नव्हतं. मी मघापासून इथं उभी राहून घड्याळाकडे बघत होते. बघायचं नाही म्हणून ठरवत होते, आणि बघत होते. माझीच मला लाज वाटत होती."

मी असते तर मी काही वेगळं केलं असतं का? मी तर नुसत्या संशयावर तिला दिवसभर शिव्या घातल्या होत्या. "आत ये," एवढंच म्हटलं. "चहा केलाय. आणि माझं चुकलं."

"आयकानिशसाठी दुसरी एक जागा आहे," ती म्हणाली. "नर्सिंगची. अर्ज या आठवड्यात बंद होतो. पण मेरिमचं असं लटकलेलं असताना मला तोंड उघडवेना. कशाची इच्छा धरावी तेच कळत नव्हतं."

मेरिमनं आतून ऐकलं असावं. ती खुर्चीतून उठून बाहेर आली, आयकानिशला हात धरून आत नेलं, खुर्चीत बसवलं आणि स्वतः मागे उभी राहिली. "चल, मी सांगते कुठं दाबायचं ते."

मेरिमच्या आईनं मधल्यामधे कल्पाक उचलली, झटकली आणि अतांच्या डोक्यावर परत बसवली. अतांनी हात जोडायला घेतले तर तिनं त्यांच्या हातात चहाची वाटी दिली.

अर्जाचं पान उघडलं. नाव, गाव, शाळा, सगळं भरून झालं. शेवटी पडद्याच्या मध्यावर टपकन एक चौकट आली.

"नाही म्हण!" अता बाकावरून जवळजवळ उडालेच. वाटीतला चहा झमीरच्या गुडघ्यावर. "पोरी, नाही म्हण! मी ओळखतो असल्यांना!"

सोनुन वाकली, चौकट नीट वाचली, आणि दिवसभरात पहिल्यांदा मोकळी हसली.

"नाही हो, अता. ही विचारतेय, अर्ज पाठवू का? हिला हो म्हणायचं."